डुकाटी पुन्हा स्प्रिंगकडे

२०२० सालच्या अखेरीस बोलोन्याच्या डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही४ ही लांब पल्ल्याची गाडी जगापुढे आणली. पुढे-मागे रडार, चार सिलिंडरचं ११५८ सीसीचं इंजिन, १७० अश्वशक्ती. पण डुकाटीवाल्यांत बोंब उठली ती भलत्याच कारणाने. या इंजिनाचे व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होत होते. आपल्याकडच्या पल्सर-स्प्लेंडरमध्ये होतात, अगदी तसेच. एखाद्या जुन्या घराण्याने कुळाचार मोडावा आणि भाऊबंदांनी डोक्याला हात लावावा, तशी या मंडळींची अवस्था झाली.

हा कुळाचार होता डेस्मोचा. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅम फिरतो आणि व्हॉल्व्ह दाबून उघडतो. तो परत बसवायचं काम स्प्रिंगचं. इंजिन मिनिटाला १२,५०० फेरे घ्यायला लागलं की प्रत्येक व्हॉल्व्हला सेकंदाला शंभराहून जास्त वेळा उघडून मिटावं लागतं. स्प्रिंगला तेवढी उसंत मिळत नाही. व्हॉल्व्ह जागेवर बसायच्या आत पुढचा धक्का येतो, व्हॉल्व्ह अधांतरी राहतो, आणि पिस्टनने त्याला गाठलं तर इंजिनाचा चुरा होतो. डेस्मोमध्ये बंद करण्याचं कामही कॅमकडेच दिलेलं असतं. एक कॅम रॉकरच्या मदतीने व्हॉल्व्ह ढकलतो, दुसरा ओढून घेतो. पुढे रस्त्यावरच्या काही गाड्यांत, सुरू होताना व्हॉल्व्ह नीट टेकावा म्हणून नाममात्र बारीक स्प्रिंग ठेवली गेली. पण तिच्यावर भिस्त नव्हती.

ही कल्पना डुकाटीची नव्हे. फ्रान्सच्या दलाजने १९१४ च्या ग्रां प्री मोटारीत असा प्रयोग केला होता. १९५४ आणि १९५५ मध्ये शर्यतपटू फांजिओने मर्सिडीजच्या ज्या मोटारीवर जगज्जेतेपद मिळवलं, त्या डब्ल्यू १९६ मध्येही हीच यंत्रणा होती. इतरांनी ती वापरली आणि सोडून दिली. डुकाटीने मात्र तिच्याशी संसार केला.

मुळात डुकाटी हे मोटारसायकलवाल्यांचं घराणंही नव्हतं. १९२६ मध्ये अंतोनियो काव्हालिएरी डुकाटी आणि त्यांच्या तीन मुलांनी बोलोन्यात कंपनी काढली ती रेडिओचे सुटे भाग, मुख्यतः कंडेन्सर, बनवण्यासाठी. बोर्गो पानिगालेतला मोठा कारखाना १९४४ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतरच्या इटलीत माणसांना रेडिओपेक्षा वाहनाची निकड होती. सायकलला जोडायचं ‘कुचोलो’ नावाचं ४८ सीसीचं इंजिन डुकाटी बनवू लागली, आणि गाडी त्या वाटेला लागली.

१९५४ मध्ये फाबियो तालियोनी कंपनीत आले. आज ज्याला डुकाटीपण म्हणतात, त्यातलं निम्मंअधिक या एका इंजिनियरचं. त्यांच्यापुढची अडचण साधी होती: त्या काळच्या स्प्रिंगा शर्यतीत तुटायच्या. त्यांनी १२५ सीसीच्या एका सिलिंडरवर तीन कॅमशाफ्ट बसवले. कडेचे दोन व्हॉल्व्ह उघडायला, मधला बंद करायला. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये हेडेमोराची शर्यत जानी देली अंतोनीने या गाडीवर पहिल्याच प्रयत्नात जिंकून दाखवली. शर्यतीच्या ऐन मस्तीत चुकीचा गिअर पडून इंजिन बेफाम फिरलं तरी व्हॉल्व्ह वाचत, हा तिचा मोठा गुण.

रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला डेस्मो मिळायला १९६८ उजाडलं, मार्क ३ डी या मॉडेलमध्ये. पण डेस्मोला खरी प्रतिष्ठा दिली ती इटलीतल्या इमोलाने. २३ एप्रिल १९७२ ला तिथे २०० मैलांची शर्यत होती. डुकाटीने काचेच्या भिंतींच्या ट्रकमधून आपल्या ७५० सीसीच्या गाड्या मिरवत आणल्या. ब्रिटिश स्वार पॉल स्मार्ट तेव्हा अमेरिकेत होता. डुकाटीचा फोन आला आणि त्याच्या बायकोने, मॅगीने, त्याला न विचारताच होकार दिला. तो पहिला आला, ब्रुनो स्पाज्जारी दुसरा. दोघंही डेस्मोवर. नवऱ्याच्या वतीने दिलेला इतका फलदायी शब्द मोटारसायकलींच्या इतिहासात दुसरा नसावा.

१९८५ मध्ये कास्तिलिओनी बंधूंच्या काजिवाने डुकाटी विकत घेतली. मास्सिमो बोर्दी यांनी चार व्हॉल्व्हचं, पाण्याने थंड होणारं डेस्मो इंजिन आणलं. ८५१ आणि मग १९९४ ची देखणी ९१६ त्यातून आली. सुपरबाइकची जगज्जेतेपदं एकामागून एक घरात आली.

गंमत अशी की तोवर डेस्मोचं मूळ कारणच संपलं होतं. स्प्रिंगचं पोलाद सुधारलं होतं. होंडाची १९९० ची सीबीआर २५० आरआर ही स्प्रिंगवाली गाडी १९,००० फेऱ्यांपर्यंत बिनघोर जायची. फॉर्म्युला वनमध्ये रेनॉने १९८६ मध्येच दाबलेल्या हवेची स्प्रिंग आणली होती. तरी डुकाटीने ऑफिसला न्यायच्या मॉन्स्टरपासून सगळ्यांना डेस्मोच दिलं. माझ्या मते या टप्प्यावर ते तंत्र उरलं नव्हतं, गोत्र झालं होतं.

आणि गोत्राचा खर्च गिऱ्हाइकाच्या खिशातून जायचा. आपल्याकडे मेकॅनिक नुसता कान देऊन ‘टॅपेट वाजतायत’ म्हणतो आणि बुलेटचे टॅपेट चहा निवायच्या आत लावून देतो. डेस्मोचं तसं नाही. इथे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन शिम, म्हणजे फट नेमकी ठेवणारे तुकडे: एक उघडणारा, एक बंद करणारा, आणि दोन्हींची फट फीलर गेजने वेगळी मोजायची. बंद करणारा शिम दांड्यावर अडकवून ठेवतात त्या अर्ध्या कड्या इतक्या बारीक, की हातातून निसटून इंजिनात पडल्या की शोधत बसा. ९१६ च्या आठ व्हॉल्व्हांच्या सोळा फटी, त्याही दर १०,००० किलोमीटरला. चार सिलिंडरच्या पानिगाले व्ही४ या गाडीत बत्तीस.

मल्टिस्ट्राडाचं स्प्रिंगवालं इंजिन आलं तेव्हा व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किलोमीटरवर गेली. सामान बांधून आल्प्स ओलांडणाऱ्याला याहून गोड बातमी कुठली? बोंब मारणाऱ्यांतले किती जण वर्षाला पाच हजार किलोमीटर तरी चालवतात, असा खवचट प्रश्न मला पडला होता.

२०१२ मध्ये कंपनी आउडीच्या छत्राखाली गेली, म्हणून सगळं जर्मन हिशेबीपणाच्या माथी मारलं जातं. ते अर्धंच खरं आहे. त्याच सुमारास आलेल्या ११९९ पानिगालेने नळ्यांची जाळीदार चौकट आणि खडखडणारा कोरडा क्लच सोडला. तिची आखणी सौद्याआधीचीच होती. २०२४ मध्ये पानिगाले व्ही४ ने मागच्या चाकाचा एकेरी स्विंगआर्म टाकून दुहेरी घेतला. २००३ च्या ९९९ ने हेच केलं होतं, तेव्हा चाहते इतके रुसले की २००७ च्या १०९८ ला एकेरी परत द्यावा लागला. नवी पानिगाले व्ही२ तर १५५ अश्वशक्तीवरून १२० वर उतरली, वजनातही हलकी झाली, आणि तिच्यातही स्प्रिंगच आहे.

डेस्मो संपलेलं नाही. पानिगाले व्ही४ मध्ये ते आहे, मोटोजीपीच्या गाडीत आहे. मार्क मार्केझचं २०२५ चं विजेतेपद त्याच्यावरच आलं. ६५९ सीसीच्या एका सिलिंडरच्या हायपरमोटार्डमध्ये आणि चिखलात उड्या मारणाऱ्या नव्या डेस्मो४५० मोटोक्रॉसमध्येही आहे. तालियोनींनी सुरुवात केली तसंच: एक सिलिंडर, आणि शर्यत.