थेंब तुटण्याची खूण

जुना ट्रॅक्टर सकाळी सुरू होत नाही, झालाच तर पांढरा धूर ओकतो आणि नांगराला लावला की ओढत नाही. डिझेलमधली हवा काढली, फिल्टर बदलला, नोजल तपासला, तरी फरक पडला नाही, की मग जाणता मिस्त्री पंपाचं टायमिंग बघतो. त्यासाठी त्याला मीटर लागत नाही, पाना आणि नळीचा एक वाकडा तुकडा पुरतो. या रीतीला तो ‘स्पिल’ म्हणतो. तिचं मूळ पंपाच्या घडणीतच आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी ठरलं. त्यात तेल दाबाच्या हवेने सिलिंडरमध्ये फुंकलं जाई, त्यामुळे इंजिनाला कॉम्प्रेसरचं ओझं सोबत वागवावं लागे. कारखान्यात ते खपलं, पण शेतात असला डोलारा कोण नेणार? 1922 मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी डिझेल पंप तयार करायचं ठरवलं आणि 1927 पासून त्याचं नियमित उत्पादन सुरू झालं. डिझेल इंजिन रस्त्यावर आणि रानात उतरलं, त्यात या पंपाचा वाटा फार मोठा आहे.

या पंपातला प्लंजर मला यंत्रविद्येतल्या सर्वांत देखण्या वस्तूंपैकी एक वाटतो. बोटाएवढा दांडा, वरची कड सरळ, अंगावर तिरकी खाच. वर सरकताना सरळ कड बॅरलचं भोक झाकते, त्या क्षणी डिझेल दाबलं जाऊ लागतं. तिरकी खाच भोकापाशी आली की दाब सुटतो. अ‍ॅक्सिलरेटर प्लंजर फिरवतो, म्हणजे शेवट बदलतो. सुरुवात मात्र तीच राहते, म्हणून ती एका खुणेवर पकडता येते.

मिस्त्री एक नंबरच्या लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढतो, होल्डर परत बसवून त्यावर वाकडी नळी लावतो आणि स्टॉपचा दांडा आत ठेवतो. नळीतून डिझेलची धार लागते. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येत असताना इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, सावकाश फिरवायचं. धार बारीक होते, थेंब पडू लागतात, मग थेंबही तुटतो. तिथेच थांबून फ्लायव्हीलची खूण पाहायची. बऱ्याच जुन्या इंजिनांत ती पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी 20 ते 25 अंशांवर असते, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. थेंब उशिरा तुटला तर धूर आणि मरगळ, लवकर तुटला तर कडक ठोका. मग लांबोळ्या भोकांतले बोल्ट ढिले करून पंप थोडा फिरवतात आणि पुन्हा थेंब बघतात.

बंगळूरला 1951 मध्ये मायको कंपनी स्थापन झाली आणि हे पंप देशातच बनू लागले. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची विहिरीवरची एक सिलिंडरची इंजिनंही याच खुणेवर लावतात, तिथे पंपाखालचे पत्रे कमी-जास्त करतात. पुढे आलेल्या रोटरी पंपात मात्र हा थेंब दिसत नाही, तिथे आतल्या खुणाच जुळवाव्या लागतात.