कचेरी बंद, दूध चालू

आपल्या गोठ्यातलं दूध डेअरीत जातं, तिथून टँकरनं शहर गाठतं. मुंबईत दुधाचं जुनं नाव म्हणजे ‘आरे’. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहू लागली. शहराच्या दाटीतले म्हशींचे तबेले मोकळ्या जागी आणायचे आणि मुंबईला चांगलं दूध द्यायचं, हा हेतू. तिथं सरकारी कचेरी आहे, तबेले आहेत आणि आधीपासूनचे आदिवासी पाडेही आहेत. दक्षिणेला लागून सीप्झ. तिथं दागिन्यांचे कारखाने आणि संगणकाची ऑफिसं.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी, १८९७ साली, इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा सरकारनं पुन्हा लागू केला. सरकारी कचेऱ्यांतली हजेरी आधी पंचवीस टक्क्यांवर, मग पाच टक्क्यांवर आणली. लोकल थांबली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली.

संगणकावरचं काम घरी नेता आलं. त्या बायकांच्या एकाच खोलीत ऑफिस, मुलांची शाळा आणि स्वयंपाक असं सगळं आलं, पण पगार तरी चालू राहिला. ऑफिसची फरशी मात्र घरी बसून पुसता येत नाही. पाड्यांवरच्या बाया घरकामाला जातात, भाजी विकतात. सोसायट्यांची फाटकं बंद झाली आणि रोजची मिळकत थांबली.

म्हशीला टाळेबंदी कळत नाही. धार दोन वेळा काढावीच लागते. दूध अत्यावश्यक ठरलं, पण हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद, मग घ्यायचं कुणी? तेव्हा सरकारनं सहकारी संघांकडचं जास्तीचं दूध, दिवसाला १० लाख लिटर, २५ रुपये लिटरनं घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. हे काम महानंदकडे आलं. ही डेअरी आरेच्या शेजारीच, गोरेगावला आहे.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा घरकामगार बायांना १,५०० रुपये जाहीर झाले. अट एकच होती, नोंदणी हवी. वर्षानुवर्षं भांडी घासली, पण मंडळाच्या वहीत नाव नाही, अशा बाईच्या हाती काही आलं नाही.

कचेरी बंद पडली तरी तिची वही चालू असते, आणि संकटात मदत त्या वहीतल्या नावालाच मिळते. आपल्याकडे शेण काढायचं बाईनं, धार काढायची बाईनं, आणि दूध संस्थेत सभासद मात्र घरातला पुरुष.

म्हणून येत्या बैठकीत एक काम करा. दूध संस्थेची सभासद यादी मागून घ्या आणि मोठ्यानं वाचा. त्यात आपली नावं किती, ते मोजा. ज्यांचं नाव नाही, त्यांचे अर्ज त्याच दिवशी भरा. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. आपलं नाव वहीत आधीच असू द्या.