सुरतेचे महाजन, साहेबाची बंदूक आणि आपले ताट

सुरत शहरातून तापी ओलांडून उत्तरेकडे निघाले म्हणजे उत्राणच्या पुढचे रेल्वे स्थानक कोसाडचे. २००६ साली हे गाव सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि आता तेथे काळ्या शेतजमिनीच्या जागी वसाहतींच्या इमारती दृष्टीस पडतात. इतिहासग्रंथांत कोसाडचे नाव शोधू गेल्यास सहसा सापडणार नाही. तथापि भडोचचा जुना मार्ग तापी ओलांडून याच दिशेने जातो, आणि त्या मार्गाने एकदा एक विलक्षण वरात गेली होती. इ. स. १६६९ च्या सप्टेंबरात, म्हणजे शिवछत्रपतींच्या सुरतेवरील दोन स्वाऱ्यांच्या मधल्या काळात, काजीच्या जुलमाला कंटाळून सुमारे आठ हजार वाणी दुकाने बंद करून भडोचास निघून गेले. भीमजी पारेख हा त्यांचा पुढारी होता. शहराचा व्यवहार बुडाला, टाकसाळीपासून जकातीपर्यंत सारे थंडावले, आणि बादशहाकडून अभय मिळाल्यावरच वर्षाच्या अखेरीस मंडळी परतली. तलवार न उपसता एवढे करून दाखविणारी जी संघटना होती, तिला त्या प्रांतात ‘महाजन’ म्हणत.

आमच्या गोमंतकात महाजन म्हणजे देवस्थानाचा कारभार वंशपरंपरेने पाहणारी मंडळी. गुजरातेत तो शब्द व्यापाऱ्यांच्या पंचायतीचा वाचक आहे. परंतु सामाईक धन, सामाईक हिशेब आणि सामाईक पुण्य ही कल्पना दोहोंकडे एकच. सुरतेच्या महाजनांनी या सामाईक धनातून जे एक कार्य शतकानुशतके चालविले, त्याचा वृत्तांत येथे सादर करावयाचा आहे. ते कार्य म्हणजे मुक्या जिवांचे रक्षण.

जॉन ऑव्हिंग्टन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे सुरतेच्या प्रवासाचे पुस्तक १६९६ साली लंडनला छापले गेले. शहरापासून मैलभर अंतरावर वाण्यांनी चालविलेला एक मोठा पांजरपोळ आपण पाहिला, त्यात गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री अशी रोगी, पंगू व वृद्ध जनावरे पोसली जात, असे त्याने नमूद केले आहे. पुढे जेम्स फोर्ब्स या कंपनीच्या नोकराने आपल्या आठवणींत याच संस्थेचे वर्णन केले. उंच भिंतींचे आवार, त्यात निरनिराळे चौक, आणि १७७२ साली तेथे घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे यांच्या सोबत एक म्हातारे कासव होते, जे तेथे पंचाहत्तर वर्षे राहत असल्याची ख्याती होती. हिशेब मांडून पाहिला तर हे कासव १६९७ साली तेथे आले, म्हणजे ऑव्हिंग्टनचे पुस्तक बाजारात आल्याच्या पुढच्याच वर्षी. मधल्या काळात मोगलांचा अंमल मोडला, इंग्रजांनी १७५९ साली किल्ला घेतला, मराठ्यांनी चौथाई वसूल केली, आणि कासवाचा शिधा चालूच राहिला. हा खर्च मुख्यतः व्यापाराच्या मालावर महाजनांनी बसविलेल्या लाग्यातून, म्हणजे एका प्रकारच्या पट्टीतून भागत असे. राजाने लादलेला कर नव्हे, व्यापाऱ्यांनी स्वतःवर घेतलेला.

या पांजरपोळात ढेकूण, पिसवा व उंदीर यांचाही एक विभाग होता, आणि त्यांना आहार मिळावा म्हणून एखाद्या भिकाऱ्यास पैसे देऊन रात्रभर तेथे निजविले जाई, असे हे दोघेही लिहितात. युरोपात या मजकुराची फार थट्टा झाली. आम्हांस मात्र ढेकणांपेक्षा त्या भिकाऱ्याचे नवल वाटते. कारण त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, आणि दयेच्या त्या हिशेबात त्याचे रक्त खर्चाच्या बाजूस पडले.

इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याला १६२३ साली खंबायतेस याच्या उलट अनुभव आला. तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहून तो जनावरांच्या आश्रयस्थानात गेला, तेव्हा चोरीच्या शिक्षेत हात तोडलेला एक मुसलमान मनुष्य त्या वासरा-बकऱ्यांतच सांभाळलेला त्यास दिसला. त्याला उपाशी मरू देणे त्या मंडळींना रुचले नव्हते. (हाच देल्ला वाल्ले त्यानंतर गोव्यास आला, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेल.)

आता बंदुकीकडे वळू. सुरतेस इंग्रजांची वखार १६१३ पासूनची. वखारीतील तरुण टोपीकरांस सुट्टीच्या दिवशी बंदूक घेऊन तापीकाठी पाखरे मारण्याचा शौक असे. सतराव्या शतकातील अनेक प्रवासी लिहितात, की असा गोरा दिसला म्हणजे वाणी धावत जाऊन पैसे देत आणि त्यास परत फिरवीत. धर्मबुद्धीने दिलेले ते मोल होते. परंतु बाजाराचा नियम सावकाराला कोणी शिकवावयास नको. ज्या वस्तूस मोल मिळते ती वस्तू बाजारात येते. पाखरांच्या प्राणास मोल आहे हे कळताच काही टवाळांनी शिकारीची इच्छा नसताही बंदूक खांद्यावर टाकून वाण्यांच्या वस्तीवरून फेऱ्या मारण्यास प्रारंभ केला. पारध्यांनाही जिवंत पाखरे पकडून विकणे हा किफायतशीर धंदा झाला, कारण ती सोडवून घेणारा गिऱ्हाईक निश्चित असे. एका पाखराचा जीव वाचला आणि दुसऱ्या चार पाखरांसाठी जाळे विणले गेले.

याच श्रद्धेची दुसरी बाजू ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहिली आहे. गुजरातच्या उत्तरेस एका राजाच्या मुलुखातून जाणाऱ्या श्रीमंत इराणी व्यापाऱ्याने अज्ञानाने मोर मारला. लोकांनी त्याला झाडास बांधून तीन दिवस फटके मारले, आणि त्यात तो मेला. मोराविषयीच्या दयेचा हा परिणाम! प्रवाशांच्या सर्वच कथा जशाच्या तशा घेऊ नयेत हे खरे, पण या कथेतील मनोवृत्ती आजही अपरिचित वाटत नाही. जनावराच्या नावाने मनुष्यास मारण्याचे प्रकार आपल्या काळातही घडले आहेत.

शिकारीचा शौक केवळ गोऱ्यांचा होता असे मात्र कोणी समजू नये. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात शिकारीची टिपणे काढून जमाखर्च दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जीव मारले गेले, त्यांपैकी १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातचे. यात पशू ३,२०३ (वाघ-सिंह ८६) आणि पक्षी १३,९६४; त्यांतही कबुतरेच १०,३४८. आणि हाच बादशहा आठवड्यातून दोन दिवस पशुवध बंद ठेवण्याचा हुकूम काढणारा! त्याचा पिता अकबर याच्या दरबारी १५८३ साली गुजरातचे जैन आचार्य हीरविजयसूरी गेले होते आणि पर्युषणातील अमारीचे फर्मान मिळवून परतले होते. महाजनांनी वध थांबविण्यासाठी राजसत्तेकडे अर्ज-विनंत्या केल्या त्या नेहमी दिवसांच्या हिशेबाने. अमुक तिथीस वध नको, अमुक महिन्यात नको. उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.

सुरतेच्या दयाधर्माची मोठी थोरवी आणि त्याचे मोठे उणेपण आमच्या मते एकाच ठिकाणी आहे. त्याने समोर उभा असलेला जीव पाहिला. लंगडा बैल, जखमी कबूतर, पारध्याच्या हातातील तितर. प्रत्येकाची नोंद झाली, प्रत्येकास शिधा मिळाला. पण ज्या गवतात तितर राहते ते गवत, ज्या अरण्यात वाघ राहतो ते अरण्य, ही खाती त्या वहीत उघडलीच नव्हती. सुरतेच्या आग्नेयेस डांगची सागवानी अरण्ये आहेत. १९६० साली ती महाराष्ट्रात जावी की गुजरातेत, याविषयी आपल्याकडे किती वाद झाला हे वाचकांस स्मरत असेल. ती अरण्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली आणि सागवान मुंबईकडे वाहून नेले. तेथील वाघ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नाहीसा झाला. बंदुकीने काही मारले, कुऱ्हाडीने त्यांचे घरच नेले. पोटासाठी ससा किंवा रानडुक्कर मारणारा भिल्ल आणि कोकणा मात्र कायद्याच्या कचाट्यात प्रथम सापडला.

याउलट, ज्यांनी अरण्य राखले त्यांत शिकारीच पुष्कळ होते, ही गोष्ट अहिंसावाद्यांस कटू वाटली तरी खरी आहे. सौराष्ट्रातील गिरचा सिंह जगला तो जुनागडच्या नवाबाच्या बंदोबस्तामुळे. १९०० साली लॉर्ड कर्झनने तेथे सिंहाच्या शिकारीचा बेत सोडून दिला आणि उरलेले सिंह राखण्याचा सल्ला नवाबास दिला. २०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ आली. पण शिकाऱ्याच्या राखणीवरही भिस्त ठेवता येत नाही, याचे उदाहरण आपल्या कोल्हापूरचे. तेथे पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याचा राजशौक होता. देशातील चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवावे लागले. १९४७ मध्ये मध्य भारतातील एका संस्थानिकाने तीन चित्ते मारले, त्यानंतर खात्रीची नोंद नाही, आणि १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला तो १९७२ साली.

तेव्हा शिकारीचा प्रश्न बव्हंशी मिटला असे मानले, तरी ताटाचा प्रश्न उरतोच. शिकारीने मारलेले सावज रानात आपल्या बळावर वाढलेले असते. पाळून मारलेल्या जनावरासाठी मात्र रान तोडून चारा पेरावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार मांस, दूध, अंडी व मत्स्यशेती यांसाठी जगातील शेतजमिनीपैकी सुमारे ८३ टक्के जमीन लागते, आणि त्यांतून माणसाच्या उष्मांकांपैकी केवळ १८ टक्के मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे हवामान तापविणाऱ्या वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात, आणि त्यांतील मोठा वाटा गाई-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांचा आहे.

येथे शाकाहारी वाचकाने समाधानाने मान डोलविण्याचे कारण नाही. रवंथ करणारी गाय दुधासाठी पाळली काय की मांसासाठी, तिच्या पोटातील वायू सारखाच. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटींवर गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी भरल्या. आपल्याकडील जनावर कडबा, भुसा व पेंड खाते, त्यासाठी कोणी अरण्य जाळून सोयाबीन पेरीत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. तरीही श्रीखंडाची वाटी हिशेबाबाहेर राहत नाही.

गिधाडांची कथा तर महाजनांच्या दयाधर्माच्या वर्मी लागणारी आहे. वृद्ध, दुखणाईत गुरांस वेदना होऊ नयेत म्हणून डायक्लोफिनॅक नावाचे औषध देण्यात येऊ लागले. जनावर पुढे मेले म्हणजे त्याचे मांस गिधाड खाई, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. कारणाचा उलगडा २००४ साली झाला आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनास भारतात बंदी आली. शिकाऱ्यांनी तीन शतकांत जे केले नाही ते गुरांवरील उपचाराच्या एका सुईने केले. ज्यांच्या दोखम्यांस गिधाडांचीच सेवा लागे, त्या पारशांचे सुरत हे जुने नगर, हेही येथे लक्षात घ्यावे.

आता आपल्या गोमंतकीयांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर लेख एकांगी होईल. आम्ही नुस्तेखाऊ लोक. श्रावणात शिवराक राहावे, चतुर्थी झाली की कढईत बांगडा पडावा, हा आमचा क्रम. परंतु आमचे ताट भरणारा समुद्रही १९७० नंतर बदलला. रापणीने किनाऱ्यावरून ओढलेले जाळे आणि यांत्रिक ट्रॉलरने तळ खरवडीत नेलेले जाळे यांत तितर मारणारा आणि जंगल तोडणारा यांच्याइतके अंतर आहे. रापणकारांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, आणि १९८० साली गोवा, दमण व दीव यांसाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. सध्याच्या नियमाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी असते. आपले पूर्वज नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मग होडी लोटीत, आणि ती पौर्णिमा ऑगस्टच्या पहिल्या तारखेनंतरच येते. तेव्हा मासळीच्या विणीसाठी पूर्वजांची सुट्टी सरकारी सुट्टीहून लांब होती.

सुरतेकडे परत येऊ. तेथील मांजा सर्व गुजरातेत नावाजलेला. काचेची पूड लावलेला तो दोरा उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीस, कोसाडच्या वसाहतींपासून जुन्या शहराच्या गच्च्यांपर्यंत आकाशभर ताणला जातो, आणि संध्याकाळी घरट्यांकडे परतणारी कबुतरे, बगळे, घारी त्यात पंख चिरून पडतात. त्यांच्यासाठी गुजरात सरकारने २०१७ पासून करुणा अभियान सुरू केले. सणाच्या आसपासचे दिवस पशुवैद्य व स्वयंसेवक ठिकठिकाणी मांडव घालून बसतात, पंख शिवतात, आणि अहवालात आलेल्या व वाचलेल्या पाखरांची संख्या लिहितात. पतंग उडविणाऱ्यांत आणि पाखरे उचलून आणणाऱ्यांत पुष्कळदा एकाच घरातील मुले असतात.