वळिवड्याची पोलिश छावणी

कोल्हापूरच्या पूर्वेस, पंचगंगेच्या खोऱ्यातील वळिवडे गावच्या माळावर १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास ज्या परकीय स्त्रिया आणि मुले येऊन उतरली, त्यांनी तोवर सैबेरियाची अरण्ये, मध्य आशियातील दुष्काळी वस्त्या आणि इराणातील तंबू एवढा प्रवास केलेला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये सोविएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला, पुढील दोन वर्षांत तेथील लक्षावधी लोकांची हद्दपारी झाली, आणि हिटलर रशियावर उलटल्यामुळे ३० जुलै १९४१ च्या पोलिश-सोविएत कराराने त्यांची सुटका झाली खरी. परंतु घर शत्रूच्या हाती, वडील सैन्यात अथवा मातीत, अशा मुलांनी जावे कोठे, याचे उत्तर त्या करारात नव्हते.

भारतात ते उत्तर प्रथम नवानगर संस्थानच्या दरबाराने दिले. निर्वासितांना थारा देण्यास बहुतेक सरकारे कां-कूं करीत असताना, जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे, आपल्या समुद्रकाठच्या प्रासादाच्या सान्निध्यात, १९४२ मध्ये पोलिश मुलांसाठी वसतिस्थान उभारले. मुले त्यांना बापू म्हणत. आणि पालकाच्या भाजीविरुद्ध मुलांनी संप पुकारताच महाराजांनी ती भाजी मुदपाकखान्यातून वर्ज्य केली, ही आठवण त्या मुलांनी वार्धक्यातही सांगितली. राजाच्या औदार्याची मोजदाद इतिहासकार दानपत्रांवरून करतात. मला ही भाजीची हकीकत अधिक विश्वसनीय वाटते.

वळिवड्याचे प्रमाण याहून फार मोठे होते. कोल्हापूरचे छत्रपती तेव्हा अल्पवयीन असून कारभार रीजन्सीकडे होता. संस्थानच्या भूमीवर बराकींच्या ओळी उठल्या आणि तेथे सुमारे पाच हजार माणसांचे, बहुतांशी स्त्रिया, मुले व वृद्ध यांचे, एक पोलिश गावच वसले. शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय, नाट्यगृह, बालवीरांची पथके आणि निराधार मुलांचे स्वतंत्र अनाथगृह असा सारा संसार तेथे होता, आणि दैनंदिन व्यवस्था पुष्कळशी पोलिश माणसांच्याच हाती होती. या योजनेचे मर्म माझ्या मते येथेच आहे. पोरक्या मुलास अन्नवस्त्र देणारी धर्मशाळा सर्वत्र मिळते. पण त्याची भाषा, त्याचे सण, त्याच्या देशाचा इतिहास शिकवणारा शिक्षक आणि त्याच्याच बोलीत रागावणारी एखादी प्रौढ स्त्री, हे सर्व सामूहिक वसाहतीवाचून मिळत नाही. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये मोडली तेव्हा तेथील उरलेली मुले वळिवड्यासच आली.

याच १९४३ साली बंगालात आपलीच मुले भुकेने मरत होती, हे येथे नमूद केले नाही तर लिहिणाऱ्याने अर्धाच ताळेबंद मांडला असे होईल. वळिवड्याचा खर्च मुख्यतः लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकारच्या खाती पडत असल्यामुळे, एकाच्या ताटातले काढून दुसऱ्यास वाढले, असा आरोप मात्र या छावणीवर करता येत नाही. दोष त्या साम्राज्य सरकारचा, ज्याला एका बाजूस बंदोबस्त साधला आणि दुसऱ्या बाजूस तो साधावा अशी निकड वाटली नाही.

१९४५ मध्ये ब्रिटनने त्या निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या प्रांतांतून ही मंडळी आली होती ते आता सोविएत हद्दीत गेले असल्याने अनेकांना परतण्यास घरच उरले नव्हते. कोणी ब्रिटनला गेले, कोणी पूर्व आफ्रिकेस, कोणी ऑस्ट्रेलियास, तर काही पोलंडला. आणि १९४८ मध्ये छावणी बंद झाली. रिकाम्या बराकी मात्र फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने देशोधडीस लागलेली सिंधी कुटुंबे सरकारने तेथे वसवली, आणि घाऊक कापडाच्या पेठेसाठी आज प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.