समुद्राने पोटात घालावे म्हणून

अपराध ‘पोटात घालणे’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या सांडपाण्याचा इतिहास वाचताना आम्हांला वारंवार आठवत राहिला. शहराने करावे आणि समुद्राने ते पोटात घालावे, असा तेथला शतकभराचा रिवाज. दक्षिण बॉस्टनच्या किनाऱ्यालगत २०११ मध्ये कार्यान्वित झालेला भूमिगत बोगदा या रिवाजाला छेद देतो. त्यामुळे तो केवळ अभियंत्यांचा विषय उरत नाही.

१८७७ ते १८८४ या काळात बॉस्टनने आपली मुख्य मलनिःसारण व्यवस्था उभारली. शहराचे मैलापाणी काफ पाश्चर (अर्थात वासरांचे कुरण!) येथील पंपगृहात उपसले जाई, डॉर्चेस्टर उपसागराखालच्या बोगद्यातून पुढे जाई आणि मून बेटावरच्या ग्रॅनाइटच्या प्रचंड टाक्यांत साठवले जाई. ओहोटी लागली की टाक्या उघडायच्या. उरलेले काम समुद्राचे. पंपगृहाची वास्तू एखाद्या गढीसारखी भारदस्त आहे. घाण दूर लोटण्याचाही त्या शतकाला केवढा अभिमान होता, हे तिच्याकडे पाहून कळते. हे मून बेट मालकीने बॉस्टनचे असले, तरी हद्दीने शेजारच्या क्विन्सी शहरातले, हेही ध्यानात ठेवायला हवे.

जुन्या बॉस्टनमध्ये मैला आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहते. मोठा पाऊस झाला की गटार तुडुंब भरते. ते घराघरांत उलटू नये म्हणून किनाऱ्यावर सांडवे ठेवलेले असतात. थोडक्यात, पुळणीवर येणारा मैला हा अपघात नव्हता. ती योजनेतलीच तरतूद होती.

याच किनाऱ्यावरील कार्सन पुळणीवर ऑगस्ट १९७५ मध्ये वर्णसंघर्ष पेटला. शाळांतील वर्णविभाजन मोडण्याचा न्यायालयीन आदेश आदल्याच वर्षी आला होता. या पाण्यात कृष्णवर्णीयांनी उतरायचे की नाही, यावरून माणसे एकमेकांच्या अंगावर गेली. आणि पाऊस पडला की त्याच पाण्यात साऱ्या शहराचा मैला, कोणताही वर्ण न पाहता, येऊन मिसळत होता. या विसंगतीवर वेगळे भाष्य करण्याची आम्हांला गरज वाटत नाही.

पुढे १९८२ मध्ये क्विन्सीचे विधी अधिकारी विल्यम गोल्डन वॉलस्टन पुळणीवर धावायला गेले असता त्यांच्या पायांखाली मैला आला. क्विन्सीने दावा लावला. ज्याच्या हद्दीतून शहराने आपली घाण सोडली, त्यानेच शंभर वर्षांनी जाब विचारला! हा दावा न्यायमूर्ती पॉल गॅरिटी यांच्यासमोर चालला. (शाळांचा आदेश देणारे न्यायमूर्ती डब्ल्यू. आर्थर गॅरिटी ते वेगळे. नामसाधर्म्यामुळे वाचकांची गल्लत होऊ नये.) १९८४ मध्ये स्वतंत्र जलसंपदा प्राधिकरण स्थापन झाले आणि बंदराची स्वच्छता न्यायालयाच्या देखरेखीखाली सुरू झाली.

बोगदा या प्रदीर्घ प्रक्रियेचा एक भाग आहे. लांबी सुमारे ३.४ किलोमीटर, व्यास १७ फूट, क्षमता १.९ कोटी गॅलन. सांडव्यांकडे निघालेले पाणी वाटेतच त्यात उतरते. वादळ सरले की ते उपसून डियर बेटावरच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवले जाते. मून बेटावरही पाणी थांबवतच होते, परंतु ते ओहोटीसाठी. आता ते थांबवतात शुद्धीकरणासाठी. साठवणे तेच, हेतू मात्र पालटला, आणि या इतिहासातला खरा बदल आम्हांला येथे दिसतो. लोखंड आणि काँक्रीट त्यामानाने दुय्यम.

मात्र जुनी एकत्र गटारे बोगद्याने नाहीशी केलेली नाहीत. मैलामिश्रित पाण्यापुरता तो पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या वादळाच्या हिशेबाने बांधला आहे. त्याहून मोठे वादळ आले, तर सांडव्यांची वाट अजूनही समुद्राकडेच जाते.