जुनी बंदूक आणि खरा शेरा

सेकंड-हॅंड बाईक घ्यायची तर आपण काय करतो? चार मित्रांना विचारतो, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवतो, मग पैसे देतो. पण वस्तू बंदूक असेल तर? तुम्हाला हसू येईल, पण आमच्या मालवण-कुडाळकडे हा प्रश्न अजूनही खराखुरा आहे.

शिकारीचा छंद 1972 चा वन्यजीव कायदा आणि त्याची 1991 ची दुरुस्ती यांनी संपवला, आणि ते चांगलंच झालं. शेतकऱ्याची बंदूक मात्र राहिली. डुक्कर भातात शिरतात, वांदर नारळाची वाट लावतात. त्यांना पळवायला बार काढावा लागतो. (मारायचं असेल तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते.) 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचंच नाव आहे. नळीच्या तोंडातून दारू, वर बोळा, मग छरे, सगळं गजाने ठासायचं आणि मागे केप बसवायची. ब्रिटिश सैन्याने ही पद्धत 1866 पासून सोडायला घेतली. आपल्याकडे ती कायद्यात जिवंत आहे!

अशी बंदूक बापाकडून मुलाकडे येते, नाहीतर जुनीच विकत घेतली जाते. विकण्याआधी पोलीस ठाण्याला किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण हवी. सगळं ठीक. पण यातून बंदूक कोणाची ते कळतं, कशी आहे ते कळत नाही.

आणि कशी आहे यावरच तर सगळं अवलंबून. काळी दारू जळली की नळीत जी राख राहते, ती हवेतलं पाणी ओढते. त्यात आमची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुऊन तेल दिलं नाही तर नळीला आतून खड्डे पडतात. दस्त्याला पॉलिश मारलं की बाहेरून मात्र नवी कोरी!

हे दुखणं फार जुनं आहे. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली. बेल्जियममधल्या लिएजला 1672 मध्ये आणि बर्मिंगहॅमला 1813 मध्ये तपासणीची व्यवस्था झाली. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी टिकली तरच शिक्का मारायचा. आमच्या भाषेत लोड टेस्टिंग :-) पण शिक्का फक्त त्या दिवसाचं सांगतो. नंतरच्या 80 वर्षांच्या गंजाबद्दल तो काय बोलणार? जुना टेस्ट रिपोर्ट दाखवून आजचा बिल्ड पास करून घेण्यातलाच प्रकार.

शिक्क्याच्या पुढचं काम केलं ते जॉन हेन्री वॉल्श यांनी. पेशाने सर्जन, पुढे लंडनच्या 'द फील्ड' या साप्ताहिकाचे संपादक. 1858 आणि 1859 मध्ये त्यांनी बंदुकांच्या जाहीर चाचण्या घेतल्या. ठासणीची बंदूक बरी की मागून भरायची, हा तेव्हाचा मोठा वाद. दुकानदाराच्या शब्दावर न जाता छरे किती दाट पडतात, किती खोल घुसतात, हे मोजून छापलं. स्वतः वॉल्श यांच्या डाव्या हाताचा काही भाग बंदूक फुटून गेला होता. त्यामुळे ही चर्चा त्यांच्यासाठी नुसती कागदी नव्हती.

आपल्याकडे घोडं अडतं ते भिडेपाशी. विकणारा शेजारी, नाहीतर पाव्हणा. "बाकी झकास आसा" म्हटल्यावर पुढे विचारणार कोण? पण विचारायला हवं. नळी आतून कशी आहे? केपची जागा झिजली आहे का? घोडा नीट अडतो का? दुरुस्ती कोणी केली? एक साधी तपासणी बघा: गज आत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करायची आणि बाहेरून नळीला लावून बघायचा. केपच्या जागेपर्यंत पोचला नाही, तर आत जुना बार तसाच असू शकतो. त्यावर दुसरा बार ठासला तर काय होईल ते सांगायला नको.

पैसेवाला माणूस दुसरी बंदूक घेईल. स्वस्तातली जुनी घेणाऱ्याकडे तेवढीच एक असते, आणि बार काढताना ती त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असते. "आतून गंजली आहे, बार काढू नकोस" असं तोंडावर सांगणारा शेजारी चार दिवस वाईट दिसेल. दिसू दे.