तार आणि कान

आपल्या भाषेने 'तार' या एका शब्दावर किती ओझे घातले आहे! सतारीची ती तार आणि विजेच्या खांबावरचीही तारच. पोस्टाचा शिपाई जी दारात घेऊन येई आणि जी फोडण्याआधीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत, तीही तार. (ही शेवटची मात्र १५ जुलै २०१३ रोजी सरकारने कायमची बंद केली.) शिवाय एखादा गृहस्थ संध्याकाळी जरा जास्त खुशीत दिसला, की तो 'तारेत' असतो! मला आज जिच्याविषयी लिहायचे आहे त्या तारेत या चारही अर्थांचा थोडाथोडा अंश आहे. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गाणे वाहून नेणारी ती तार. हजारो, प्रसंगी लाखो रुपये मोजून ती विकत घेणारे हौशी लोक आहेत. तिने आवाज खुलतो असे ते शपथेवर सांगतात आणि दुसरा पक्ष त्यांना हसतो. हे भांडण गेली पन्नासेक वर्षे चालू आहे. पण त्याचा पहिला अंक याच्या पुष्कळ आधी आणि फार मोठ्या रंगमंचावर होऊन गेला, हे सहसा कोणी सांगत नाही.

तो रंगमंच म्हणजे अटलांटिक महासागराचा तळ. युरोप आणि अमेरिका यांना समुद्राखालून तारेने जोडायचे, असे १८५६ मध्ये ठरले तेव्हा दोन माणसे समोरासमोर उभी ठाकली. एक ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. दुसरे वाइल्डमन व्हाइटहाऊस. धंद्याने शस्त्रवैद्य, पण विजेचे प्रयोग स्वतः हाताने केलेले. थॉमसन यांनी गणिताने दाखवले होते, की समुद्रातली तार दहापट लांब केली तर संदेश पोहोचण्याचा विलंब दहापट नव्हे, शंभरपट वाढतो. कारण सोपे आहे. मोटेचे पाणी पाटात सोडले म्हणजे ते लगेच शेवटच्या वाफ्यात जात नाही. आधी पाट भरावा लागतो. आत तांबे, बाहेर खारे पाणी आणि मध्ये गटापर्चाचे वेष्टन, अशी ही तार म्हणजे असाच एक दोन हजार मैलांचा कोरडा पाट. म्हणून तांबे जाड घ्या, वेष्टनही जाड द्या, असे थॉमसन यांचे म्हणणे. व्हाइटहाऊस यांनी आपल्या प्रयोगांचा दाखला देऊन तो नियमच झिडकारला. कंपनीने बारीक तारच पसंत केली. ती स्वस्त होती आणि तिची मागणी आधीच नोंदवून झाली होती!

ऑगस्ट १८५८ मध्ये तार जोडली गेली. तोफा वाजल्या, रोषणाई झाली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना गेलेला संदेश जेमतेम शंभर शब्दांचा. तो पलीकडे पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे! व्हाइटहाऊस यांनी उपाय काय केला? वीज ढकलायला जोर कमी पडतो म्हणून सुमारे दोन हजार व्होल्टचे धक्के दिले. तारेत आधीचेच दोष होते. या मारापुढे ती टिकली नाही आणि महिन्याभरातच मुकी झाली.

या अपयशातून जे निघाले ते मला त्या तारेपेक्षा मोलाचे वाटते. निरनिराळ्या कारखान्यांचे तांबे सारखेच, अशी तोवर समजूत होती. थॉमसन यांनी १८५७ मध्येच ते मोजून पाहिले आणि वीज वाहण्याच्या गुणात बाजारातल्या तांब्या-तांब्यांत फार मोठा फरक आढळला. तेव्हापासून तांबे पारखून घेण्याची रीत पडली. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने तारेचा रोध मोजण्याचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली. आज शाळेतली मुले 'ओहम' म्हणतात त्याचे मूळ तिथे आहे. पुढच्या तारेत तांबे जवळजवळ तिप्पट घातले: सागरी मैलाला १०७ पौंडांऐवजी ३०० पौंड. ती १८६६ मध्ये चालू झाली आणि चालू राहिली. 'ग्रेट ईस्टर्न' या ज्या अजस्र जहाजाने ती घातली त्यानेच १८७० मध्ये मुंबईपासून एडनच्या बाजूला तार टाकली, आणि त्याच वर्षी लंडनचा निरोप समुद्राखालून मुंबईला येऊ लागला.

तेव्हा 'तारेने फरक पडतो का?' या प्रश्नाचे पहिले उत्तर 'पडतो, आणि फार पडतो' असेच आहे. ग्यानबाची मेख आहे ती लांबीत. माणसाच्या कानाला ऐकू येणारा अगदी बारीक स्वर सेकंदाला वीस हजार कंपनांचा. तारेतून जाताना त्याची एक लहर सुमारे दहा किलोमीटर लांब असते. दिवाणखान्यातली तार पाच मीटर! अटलांटिकचे नियम तिला लावणे म्हणजे वाटीतल्या पाण्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक लावण्यासारखे आहे. तिथे मुख्यतः जाडी पाहायची. घरातल्या मोठ्या प्लगला वायरमन वापरतो ती २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर जाऊन-येऊन दहा मीटरला रोध ०.०७ ओहमच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो शंभरात एकही भरत नाही. खेळण्यातल्यासारखी केसाएवढी तार लावली तर मात्र रोध दहा-अकरापट होतो आणि आवाज खरोखर बदलतो. तबकडीच्या सुईपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार ही आणखी एक निराळी जात. तिच्या विद्युतधारकतेने वरच्या पट्टीचा रंग पालटू शकतो. गंजलेला सांधा असेल तर तोही गातो, पण बेसूर. आणि जाहिरातीत मिरवणारे ते 'प्राणवायुविरहित' तांबे? ते नेहमीच्या विजेच्या तांब्याहून फार तर शंभरात एका अंशाने सरस. शुद्धतेची ती लढाई थॉमसन यांच्या शतकातच लढून झाली होती.

१९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नोएल ली नावाच्या ढोलवादक अभियंत्याने जाड तारांचा धंदा काढला आणि तार ही दाखवण्याची वस्तू झाली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने श्रोते बसवून, कोणती तार लागली आहे हे त्यांना कळू न देता, परीक्षा घेतली. पन्नास तासांच्या खटाटोपानंतर निष्पन्न झाले ते इतकेच: केसाएवढी तार कमी दर्जाची ठरली, पण दिव्याची साधी जाड तार आणि महागडी तार संगीत ऐकताना कुणालाही वेगळी काढता आली नाही. २००७ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने बारा फुटांना ७,२५० डॉलर पडणारी तार ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घ्या, असा विडा ठेवला. ती परीक्षा झालीच नाही.

असे असूनही हौशी माणूस खोटे बोलतो असे मला वाटत नाही. त्याला खरेच फरक ऐकू येतो. ऐकण्याचे काम एकटा कान करीत नाही. डोळे, खिसा आणि अपेक्षा त्याला साथ करीत असतात. आवाज किंचित मोठा झाला तरी आपण 'मोठा' म्हणत नाही, 'गोड' म्हणतो. व्हाइटहाऊस यांनाही स्वतःच्या प्रयोगात हवे तेच दिसत होते. फरक एवढाच, की त्यांच्या हट्टापायी एक अख्खी तार समुद्रात निकामी झाली.

पुण्यातले माझे एक स्नेही, निवृत्त अभियंते, या पंथाचे आहेत. त्यांच्या तारा जमिनीला शिवू नयेत म्हणून लहान लहान लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या असतात. वहिनी त्यांना 'सोवळ्यातल्या तारा' म्हणतात. गेल्या दिवाळीत घर भरलेले होते. फराळ झाल्यावर मी म्हटले, "आप्पासाहेब, एकदा बघू या तरी!" बाजारातून २.५ ची साधी तार आणवली. नात पडद्यामागे बसली. नाणे उडवायचे आणि त्याप्रमाणे एक किंवा दुसरी तार जोडायची. मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी, तोच तुकडा, सोळा वेळा. मी आधीच सांगून ठेवले होते, की निव्वळ अंदाजाने बारा बरोबर येण्याचा संभव शंभरात चारही नाही. तेव्हा बारा आले तर मी हरलो आणि साऱ्या मंडळींना माझ्याकडून बासुंदी.

आप्पासाहेब डोळे मिटून बसले होते. दर खेपेला ते ठामपणे 'माझी' किंवा 'बाजारची' म्हणत आणि धाकटा नातू वहीत लिहून घेई. अकराव्या खेपेपासून त्यांचा आवाज खाली आला. तेराव्या खेपेला ते म्हणाले, "थांबा, हा आलाप मी इतके दिवस नीट ऐकलाच नव्हता," आणि आम्ही परीक्षा विसरून तो सबंध राग ऐकला. मग उरलेल्या खेपा पुऱ्या केल्या.

नातीने दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. सोळांपैकी नऊ.

"म्हणजे छप्पन्न टक्के," आप्पासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "पास झालो की!" आणि साधी तार गुंडाळून त्यांनी ती वायरमनसाठी माळ्यावर टाकायला सांगितली.